गुडघेदुखी: वय, वात की काम?

(बेंबळी, जि. धाराशिव येथे बचत गटांच्या बायकांसमोर केलेलं हे भाषण. बोलताना जसं झालं तसंच, थोडं आवरून, इथे देत आहोत.)



मघाशी चहा आला तेव्हा मी मुद्दाम बघत होते, सतरंजीवरून कोण कशी उठते. कुणी शेजारणीच्या खांद्याला धरलं. कुणी आधी गुडघ्यावर आली आणि मग जमिनीला हात टेकून उभी राहिली. भिंतीशी बसलेल्या मावश्या तर उठल्याच नाहीत, 'इथंच द्या बाई' म्हणाल्या. आणि ज्या उठल्या त्यांतल्या निम्म्याजणींच्या तोंडून 'आई गं' निघालं. मीही त्यांच्यातलीच. माझं वय ५८.

सात वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा धरला. जिन्याची पायरी उतरताना कळ यायची. एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फोटो बघितला, माझ्याकडे काही बघितलं नाही. "झीज आहे, वय झालं. खाली बसू नका, वजन उचलू नका, काम कमी करा," म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. मी विचारलं, "कमी केलेलं काम करायचं कुणी?" तर ते नुसते हसले.

आज मला त्या प्रश्नावरच बोलायचंय. गुडघेदुखी कशी ओळखायची, घरच्या घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं, हे तर सांगणारच आहे. पण त्याबरोबर हेही बोलायचंय की बाईचा गुडघा दुखतो तेव्हा घरातलं, रानातलं, दवाखान्यातलं कुणीच तिच्या कामाकडे बघत नाही. 'वय झालं' म्हटलं की सगळ्यांची सुटका होते.

'वात' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे सांधा दुखला की 'वात धरला' म्हणतात. पण सांधे दुखण्याचे पुष्कळ आजार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. आज ज्याबद्दल बोलतोय तो अस्थिसंधिवात. लोक त्याला झिजेचा संधिवात म्हणतात. इंग्रजीत ऑस्टिओआर्थ्रायटिस.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि पायाचं हाड एकमेकांना भेटतात. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट असा थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. मध्ये थोडा चिकट द्रव असतो. सगळ्याभोवती पिशवी, दोऱ्या आणि वरून मांडीचे स्नायू. अस्थिसंधिवातात ही कूर्चा खरबरीत होते, पातळ होते, हाडाच्या कडेला नवीन हाडाचे कंगोरे येतात, पिशवी कधी कधी सुजते आणि स्नायू अशक्त होतात. म्हणजे दुखणं फक्त कूर्चेचं नाही, अख्ख्या सांध्याचं आहे.

'गुडघ्यातलं वंगण संपलं' असं आपण ऐकतो. हे ऐकलं की बाई घाबरते. तिला वाटतं, आता जेवढं चालेन तेवढा गुडघा अजून झिजेल. म्हणून ती चालणं सोडते. तिथेच चूक होते. गुडघा म्हणजे सायकलची चेन नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतला द्रव तिच्यात येतो-जातो आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. हालचाल बंद केली की पोषण कमी आणि स्नायूही सुकतात. मग गुडघ्याला सावरायला कुणीच उरत नाही. बेताची, नेमाची हालचाल हेच गुडघ्याचं औषध. गुडघ्याला मारतं ते तासन् तास एकाच तऱ्हेनं दाबून ठेवणं.

ओळखायचं कसं?

वय साधारण ४५ च्या पुढे. चालताना, जिना चढता-उतरताना, उकिडवं बसताना दुखतं, आणि आराम केला की कमी होतं. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं अडखळत पडतात. गुडघा हलवताना आत करकर वाजतं. काहींचे पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकतात. एवढं सगळं जुळत असेल तर बहुतेक वेळा ओळखायला फोटोचीही गरज नसते.

आणखी एक गोष्ट. फोटोत खूप झीज दिसते आणि बाई चांगली चालते, फोटोत थोडी दिसते आणि बाई रडते, असं दोन्ही होतं. म्हणून फोटो बघून कुणी 'तुमचा गुडघा संपला' म्हणालं तर खचू नका. फोटोत दुखणं दिसत नाही आणि स्नायूंची ताकद तर दिसतच नाही.

हा आजार हातालाही होतो. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी येतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, धुणं पिळताना कळ येते. तीही झिजेचीच खूण असते, बायकांमध्ये जास्त दिसते.

आता दुसरे आजार. आमवातात हातांच्या, पायांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंना सूज येते, सकाळचा आखडलेपणा तासभर आणि त्याहून जास्त राहतो, अंगात कणकण असते, थकवा असतो. तो तरुण बाईलाही होतो. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केली तर सांधे वाचतात. 'वातच आहे' म्हणून दोन वर्षं तेल चोळत बसलं तर बोटं वाकडी होतात. चिकुनगुन्याचा ताप येऊन गेल्यावरही सांधे महिनोन् महिने धरतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्रानं ते चांगलंच बघितलं. आणि हाडं ठिसूळ होणं हा आणखी वेगळा आजार. ठिसूळ हाड बहुधा दुखत नाही, पडल्यावर मोडतं तेव्हाच कळतं. कॅल्शियमच्या गोळ्या हाडासाठी असतात. गुडघ्याची झीज त्यांनी भरून येत नाही.

एक गाव, घरोघर विचारलेलं

आपल्या दुखण्याची कुणी मोजदाद केली आहे का? केली आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातच. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन विचारलं, काय दुखतं, कुठे दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं चाललेल्या कामाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढ माणसांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात १८ जणांना, सांध्याचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. बायकांचं प्रमाण जास्त. आणि ज्याच्यासाठी आपण महागड्या रक्ततपासण्या करत फिरतो तो आमवात साधारण दोनशेत एकाला. बाकीची दुखणी झिजेची, कंबरेची, खांद्याची, अंगमेहनतीची.

जगाचा हिशेबही तसाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१९ साली जगात ५२ कोटी ८० लाख लोकांना अस्थिसंधिवात होता. शंभरातल्या ६० बाया. सगळ्यात जास्त दुखणारा सांधा गुडघा.

बायकांनाच जास्त का?

पाळी जाण्याच्या वयानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो हे खरं. घराण्यात असतो हेही खरं. जुनी इजा, वाढलेलं वजन हीही कारणं आहेत. पण आपण नुसतं शरीराचं बोलून थांबायचं नाही. आपण दिवसभर बसतो कशा, हे बघायचं.

पहाटे संडासला उकिडवं. मग झाडलोट वाकून. चुलीपुढे किंवा शेगडीपुढे खाली बसून भाकऱ्या. भांडी खाली बसून. धुणं खाली बसून. मग रानात. सोयाबीनमध्ये खुरपायला बसलं की तास न् तास उकिडवं, तसंच पुढे सरकायचं. काढणीच्या वेळी वाकून. मोळी, पेंढी, घागर डोक्यावर. औत पुरुषाच्या हातात आणि खुरपं बाईच्या हातात, ही वाटणी कुणी केली? जे काम उभं राहून होतं, ज्याला यंत्र येतं, ते पुरुषाकडे जातं. जे जमिनीला चिकटून करायचं ते आपल्याकडे राहतं.

चीनमध्ये बीजिंग शहरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या गुडघ्यांचा अभ्यास झाला. २००१ साली निघालं की त्यांच्यात गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, आणि त्या बायका तर अंगानं हलक्या. पुढे २००४ साली दिसलं की ज्या तरुणपणी रोज बराच वेळ उकिडव्या बसत होत्या त्यांच्यात झीज जास्त होती. म्हणजे नुसतं वय नाही, नुसतं वजनही नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट इथल्यांना सांगायला नको. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी हे इथे का सांगते? एक तर, पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळीच्या वयाआधीच शरीरातलं संरक्षण जातं, हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि दुसरं म्हणजे, कंबर दुखते, पोट दुखतं म्हणून बाई गेली तर तिच्या डोक्यावरची मोळी कुणी विचारली नाही, तिचं शरीरच कापायला काढलं. गुडघ्याचंही तसंच होतं. कामानं आलेलं दुखणं बाईच्या शरीराचा दोष ठरतं.

मग करायचं काय?

आता उपायांकडे येऊ. सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही. मांडीच्या पुढचा स्नायू मजबूत करणं. तो स्नायू गुडघ्याचा भार उचलतो.

पहिला व्यायाम. पाय लांब करून बसा किंवा झोपा. गुडघ्याखाली लुगड्याची घडी ठेवा. गुडघ्यानं ती घडी खाली दाबा, मांडी कडक करा, पाचपर्यंत मोजा, सोडा. दहा वेळा. मग दुसरा पाय.

दुसरा. उताणं झोपा. एक पाय गुडघ्यात वाकवून तळवा जमिनीवर. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, पाच मोजा, हळू खाली. दहा वेळा.

तिसरा. खुर्चीवर किंवा बाजेच्या कडेवर बसा. एक पाय समोर सरळ करा, पाच मोजा, हळू खाली. दहा वेळा. हा तर टीव्ही बघतानाही होतो.

चौथा सगळ्यात कामाचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. जमत नसेल तर आधी हात टेकवा, नाहीतर खुर्चीवर गोधडी टाकून उंची वाढवा. खुर्ची भिंतीला लावूनच करायचं, सरकली तर पडाल.

आणि रोज चालणं. सलग नाही जमलं तर दहा दहा मिनिटं तीनदा. 'रानात दिवसभर चालतोच की' असं म्हणाल. ते काम आहे, त्यात गुडघा दाबला जातो. हे चालणं सरळ वाटेवर, मोकळ्या हातांनी, डोक्यावर ओझं न घेता.

व्यायाम करताना थोडं दुखेल. त्यानं गुडघा बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर व्यायाम निम्मा करा, सोडू नका. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवस करून 'कायबी फरक नाही' म्हणू नका.

वजनाबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, कारण बाईच्या अंगावर बोलायला सगळेच टपलेले असतात. आणि बारीक बाईचेही गुडघे दुखतात, आपल्याकडे तर फार. पण ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी एवढा हिशेब लक्षात ठेवा. एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळपास चार किलोंचा भार कमी होतो. त्यासाठी उपास धरायचा नाही. उपासानं स्नायू आटतात. चहातली साखर, तळलेलं, साबुदाणा कमी करा. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, ताक, खात असाल तर अंडी, हे तुमच्या ताटात येऊ द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या वरणाचं पाणी, असं नको.

शेक दिला तर बरं वाटतं, द्या. तेल लावून हलक्या हातानं चोळलं तर नुकसान नाही. सुजलेल्या, गरम झालेल्या गुडघ्याला मात्र रगडू नका, त्याला गार पट्टी ठेवा. काठीची लाज वाटून घेऊ नका. पण काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, उलट्या हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. पायऱ्यांचा नियम असा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. तुळजापूरला आईच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जायचं तेव्हा हा नियम आठवा, आणि कठड्याला धरा.

गोळी, पुडी, इंजेक्शन

दुखण्यावर आधी लावायचं मलम बघा. डायक्लोफेनॅकचं मलम गुडघ्याला बऱ्यापैकी गुण देतं आणि पोटाला त्रास कमी. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज रोज खाऊ नका. त्यांनी जठराला जखम होते, रक्तदाब वाढतो, किडनीवर ताण येतो. ज्यांना रक्तदाब, साखर, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. गोळ्या घेताना शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना गाठा, पोटात रक्त जात असतं.

आता पुड्या. बाजारात, जत्रेत, बसस्टँडवर 'वातावर हमखास' म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात. आठ दिवसांत गुडघे पळायला लागतात. असं झालं तर आनंद मानू नका, संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ते घेत राहिलं की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतूंशी लढायची ताकद जाते. ज्या महिनोन् महिने घेत असतील त्यांनी हे ऐकून उद्यापासून एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दाखवा.

सांध्यात डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते वेगळं. त्यानं काही आठवडे आराम पडतो, पण पुन्हा पुन्हा घ्यायचं नसतं. आणि दुर्बीण घालून गुडघा 'साफ' करणं, यानं झिजेच्या संधिवातात फायदा होत नाही हे चांगल्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. त्यासाठी जनावर विकू नका.

लगेच डॉक्टरकडे कधी? गुडघा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल तर त्याच दिवशी. पडल्यावर पायावर उभं राहता येत नसेल तर. गुडघा मध्येच अडकून बसत असेल तर. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, वजन उतरत असेल तर. पोटरी सुजून दुखत असेल तर. यांत घरगुती उपाय करत बसू नका.

ऑपरेशनची वेळ आली तर

व्यायाम, वजन, औषध सगळं मनापासून करूनही घरातल्या घरात चालता येत नाही, झोप लागत नाही, तेव्हा सांधा बदलण्याचं ऑपरेशन हा चांगला उपाय आहे. पण घाईनं नाही, आणि एकाच डॉक्टरच्या सांगण्यावरून नाही. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आणला. म्हणून बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ऑपरेशननंतर सहा आठवडे तरी व्यायाम आणि विसावा लागतो, त्याची घरात आधी बोलणी करा. नवा गुडघा घालून आठव्या दिवशी चुलीपुढे बसवलं तर पैसाही गेला आणि गुडघाही.

इथेही बाई मागेच राहते. कॅनडातला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक बाई, दोघांचा गुडघा सारखाच खराब, दोघांनी सारखीच तक्रार सांगितली. डॉक्टरांनी ऑपरेशनचा सल्ला पुरुषाला कितीतरी जास्त वेळा दिला. तिकडे हे, तर आपल्याकडे ज्या घरात म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूला पैसे निघतात आणि म्हातारीच्या गुडघ्याला निघत नाहीत तिथे काय बोलावं?

कमी केलेलं काम करायचं कुणी?

आता मी माझ्या प्रश्नावर येते. डॉक्टर हसले, पण आपण उत्तर शोधू.

याच भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांनी संवाद सहाय्यक म्हणून काम केलं. भिंत कशी बांधायची, कोपरे कसे सांधायचे, हे त्या लोकांना समजावून सांगत होत्या. गवंड्याच्या कामावर बाईनं बोलायचं, हे त्याआधी कुणाच्या मनातही नव्हतं. घर पडू नये म्हणून आपण बोललो. आता त्या घरात बाई पडू नये म्हणून बोलायला काय हरकत आहे?

घरातल्या मागण्या साध्या आहेत. शेगडी ओट्यावर. ओटा बांधायला पैसे नसतील तर मजबूत टेबल चालेल. भांड्यांसाठी, धुण्यासाठी कमरेइतका कट्टा, आणि तो होईपर्यंत बसायला पाट नको, उंच स्टूल. पाण्याचा माठ, पिठाचा डबा खाली नको, हाताच्या उंचीला. संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडी आणि बसायला कमोडची खुर्ची. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कितीतरी बाया उकिडवं बसवत नाही म्हणून पाणीच कमी पितात, आणि मग लघवीची जळजळ सुरू होते. एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, मी दुपारनंतर पाणीच पीत न्हाई, रातच्याला उठावं लागतं म्हणून." गुडघ्याचं दुखणं कुठवर जातं बघा.

मोटारसायकलला हप्ते भरणाऱ्या घरात कट्ट्याला विटा मिळत नाहीत, हे मला पटत नाही. आणि काम वाटलंच पाहिजे. घागर उचलायला, धुणं पिळायला लेकानं, नवऱ्यानं हात लावला तर त्यांचे हात झिजत नाहीत. सुनेवर सगळं ढकलून सासूचे गुडघे वाचवायचे, असंही नको. आज तिचे तरुण आहेत म्हणून. वीस वर्षांनी तीच इथे भिंतीशी बसलेली असेल.

रानातही मागायचं. खुरपणी सलग नाही, तासाला उठून चार पावलं चालायचं, मुकादमानं बोलू नये. जिथे चालतं तिथे उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं. ते गटानं मिळून घेता येतं. बायकांचे श्रम हलके करणाऱ्या अवजारांवर परभणीच्या कृषी विद्यापीठात काम झालं आहे. ती अवजारं आपल्या बांधावर दाखवायला आणा, असं सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला गटाच्या नावानं लिहून द्या.

आणि आरोग्याच्या कामात आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका. जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नीनं १९७० पासून गावच्या, न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. आपल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायका 'भारतवैद्य' म्हणून तयार केल्या. त्या बायकांनी बाळंतपणं, जुलाब, ताप सांभाळले. त्या मानानं गुडघ्याचे चार व्यायाम काहीच नाहीत.

म्हणून माझी एकच सूचना आहे. तुमच्या गटाची बैठक होते, हिशेब होतो, हप्ते गोळा होतात. त्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं गुडघ्याला द्या. घरी एकटी बाई व्यायाम करत नाही, तिला कुणी ना कुणी हाक मारतंच. इथे हाक मारायला कुणी नाही. वहीत एक पान करा. प्रत्येकीनं अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा खुर्चीवरून उठता आलं, तो आकडा नावापुढे लिहा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि त्याच पानावर दुसरा रकाना: कुणाच्या घरी कट्टा झाला, कुणाच्या घरी नाही, कुणाच्या घरी अजून विचारलंच नाही. पहिल्या रकान्यातला आकडा आपल्या हातात आहे. दुसऱ्या रकान्यासाठी गटानं मिळून घरी जाऊन बोलायचं. एकटीनं मागितलं तर 'नखरे' म्हणतात, दहाजणी दारात आल्या की पाटावर बसवून ऐकून घेतात.

माझा स्वतःचा गुडघा बरा झाला का? झीज आहे तेवढीच आहे. पण आता मी जिना उतरते, एस.टी.ची पायरी चढते. घरात ओटा झाला. नवरा आता रात्रीची भांडी घासतो. पहिल्या महिन्यात शेजारचे हसले, आता कुणी हसत नाही.

बोलणं पुष्कळ झालं. त्या कोपऱ्यात सहा खुर्च्या आहेत, त्या भिंतीला लावा. भिंतीशी बसलेल्या मावश्यांनी आधी यायचं. ज्यांना हात टेकावा लागेल त्यांनी टेकावा. कुणीतरी वही घ्या, कुणीतरी घड्याळ बघा. चला, एक.